अंगठा आवळायचा नाही

गेल्या आठवड्यात हरिहरेश्वरच्या रस्त्याला जे नवीन रिसॉर्ट झालंय, तिथला मॅनेजर माझ्याकडे आला होता. माणूस चांगला. चपला उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवल्या, खुर्ची पुढे केली तरी आधी मी बसायची वाट पाहिली. म्हणाला, "आजी, तुमच्या वडिलांचा ट्रॅक्टर आमच्याकडे आहे, माहीत असेल तुम्हाला." आता माहीत नसायला काय झालं? माझ्या चुलत पुतण्यानेच तो त्यांना दिला. चिंचेखाली चाकं रुतवून बसलेलं ते धूड क्रेनने उचललं तेव्हा अख्खा गाव बघायला गेला होता, मीच तेवढी गेले नाही. आता त्याला टोमॅटोसारखा लाल रंग दिलाय म्हणे, आणि देवदर्शन करून आलेली मुंबईची माणसं सीटवर पोरं बसवून फोटो काढतात. मॅनेजर म्हणाला, "इंजिन मोकळं केलंय आम्ही. मेकॅनिक म्हणतो, चालू होईल. फक्त हँडल नाहीये. त्याचं स्वतःचं, जुनं. तुमच्या घरात कुठे अडगळीत असेल तर बघाल का?" मी म्हटलं, "शोधते हं." त्याला कोकम सरबत दिलं, जाताना एक नारळ दिला, आणि तो गेल्यावर बराच वेळ दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिले. मी ते हँडल आयुष्यात एकदाही मारलेलं नाही. का नाही मारलं ते सांगावं म्हणून आज लिहायला बसले. नाहीतर या ट्रॅक्टरचं नावही काढायचं नाही, असंच ठरवलं होतं मी.

आताच्या मुलांना चावी फिरवली की गाडी सुरू होते एवढंच ठाऊक. आमच्या ट्रॅक्टरला चावी नव्हती, बटण नव्हतं, बॅटरीही नव्हती. समोर जाळीच्या खाली एक भोक, त्यात दोनदा वाकवलेली लोखंडी दांडी घालायची आणि इंजिन हाताने फिरवायचं. तेच हँडल. ट्रॅक्टर विलायती, कुठल्याशा साहेबाच्या बागेतून फिरत फिरत आमच्या वडिलांकडे आलेला. पेट्रोलवर सुरू करायचा आणि तापला की नळ फिरवून घासलेटवर घ्यायचा. स्टिअरिंगखाली एक लोखंडी कांडी होती, करंगळीएवढी. ती मागे ओढलेली असली की ठिणगी वेळेवर पडायची आणि इंजिन शहाण्यासारखं धरायचं. कांडी पुढे राहिली तर ठिणगी आधीच पडायची, आणि मग इंजिन उलटं मारायचं. म्हणजे आपण हँडल वर ओढतोय आणि ते बैलाने लाथ झाडावी तसं उलट फिरून येतंय. म्हणून हँडल धरायची एक रीत होती. चार बोटांचा आकडा करायचा आणि अंगठाही त्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा. मूठ वळायची नाही. उलटं आलंच तर बोटं आपोआप सुटतात. अंगठा आवळलेला असला तर तो तिथेच राहतो आणि मोडतो. आणि ओढायचं ते खालून वर, वरून खाली कधी दाबायचं नाही. हे मला माझ्या थोरल्या बहिणीने, शेवंतीताईने शिकवलं, मुसळाच्या दांड्यावर. "सुमे, अंगठा आवळायचा न्हाय. झोपेत पण न्हाय," म्हणायची. मी खरंच झोपेत अंगठा बाहेर ठेवून झोपायचे.

आमचं घर बोर्ली पंचतनच्या आत, डोंगराच्या बाजूला. पुढे अंगण, अंगणात तो ट्रॅक्टर, मागे सुपारीची चार झाडं आणि चूल. घरात वडील, आई, ताई आणि मी. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो, गावही भाऊच म्हणायचं. आज इतक्या वर्षांनी सुद्धा त्यांच्याबद्दल लिहिताना अहोजाहोच येतं हाताला. भीती एकदा हाडात बसली की ती आदरासारखीच दिसते. भाऊ दिसायला रुबाबदार, मिशा पिळदार, बोलणं असं की चार माणसं हसत राहावीत आणि पाचवा मान खाली घालून बसावा. पाचवा रोज वेगळा असायचा. घरात बहुतेक आईच. वालाच्या बिरड्याला मीठ जरा कमी पडलं तर भाऊ ताट सरकवायचे नाहीत, ओरडायचे नाहीत. ते मिठाची बरणी मागून घ्यायचे, आईच्या पानात मूठभर मीठ घालायचे आणि म्हणायचे, "खा. जिभेला चव कळंल." आणि ती खायची. आम्ही दोघी खाली बघून भाकरीचे तुकडे करत राहायचो.

तर ट्रॅक्टर. पंचक्रोशीत तेवढा एकच, त्यामुळे भाऊंना गावात मान होता. पण घरातली गोष्ट अशी होती की भाऊंना हँडल मारता यायचं नाही. आल्याच्या पहिल्याच वर्षी त्या ट्रॅक्टरने उलटं मारून त्यांचा खांदा निखळवला होता. खांदा बसला, पण हात वर ओढून जोर लावला की लटपटायचा. हे बाहेर कळता कामा नये. म्हणून मग ताई. तेव्हा ती जेमतेम परकरातून पातळात आलेली असेल. भाऊंनी तिला पहाटे उठवलं, अंगणात नेलं आणि सांगितलं, मार. तेव्हापासून रोज, गाव जागं व्हायच्या आधी ताई हँडल मारायची. अंधुक उजेडात आधी पेट्रोलचा वास यायचा, मग हँडलचा खर्र खर्र आवाज, ताईचा श्वास, आणि मग एकदम इंजिन खोकून धडधडायला लागायचं, भांड्यांच्या फळीवरच्या ताटल्या वाजायच्या. ताई हात पुसत आत यायची, आणि भाऊ मिशांना पीळ देत बाहेर जाऊन सीटवर बसायचे. उजाडल्यावर गावातून जाताना ते असे बसलेले असायचे की जणू ट्रॅक्टर त्यांच्या नुसत्या धाकाने सुरू झालाय.

एकदा सुरू केला की संध्याकाळपर्यंत भाऊ तो बंद करायचे नाहीत. दुसऱ्याच्या शेतावर नांगरट असली तर जेवणाच्या वेळीही तो बांधावर धडधडत उभा असायचा. माणसं म्हणायची, काय दिलदार माणूस आहे, घासलेटची फिकीर नाही! आणि कधी बंद पडलाच, तर भाऊ कुणाला तरी घरी पिटाळायचे: "शेवंतीला सांग, पाणी घेऊन ये." पाणी म्हणजे हँडल. ते नेहमी घरी, दाराच्या मागे असायचं. बाहेर ठेवलं तर कुणीतरी म्हणायचं, भाऊ, मारून दाखवा. ताई हँडल पातळाच्या घडीत गुंडाळून टोपलीत घालायची, वर तांब्या ठेवायची आणि निघायची. ती पोचली की भाऊ शेतमालकाला म्हणायचे, "पोरगी आलीय, जरा पलीकडं व्हा, तिला लाज वाटते." माणसं पाठ फिरवायची आणि ट्रॅक्टर सुरू व्हायचा. मला आता वाटतं, त्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. पाठ फिरवून हसत असतील. पण भाऊंसमोर हसायची छाती कुणाची नव्हती.

ताईचा उजवा हात डाव्यापेक्षा जाड झाला. दंडाला गोळा आला, खांदा एका बाजूला उचललेला दिसायला लागला. आई रोज संध्याकाळी हळद-तेल चोळायची आणि चोळता चोळता म्हणायची, "पदर उजव्या खांद्यावरून घेत जा गं बाय, दिसतं." दुखतंय का, असं तिने कधी विचारलेलं मला आठवत नाही. विचारून ती करणार काय होती? ब्लाउजची उजवी बाही मात्र दर वेळी दंडावर उसवायची. आमचे ब्लाउज बोर्लीच्या बाजारात मधुकर नावाच्या एका शिंप्याकडे शिवायला जायचे. तो तरुण, शांत, ओठात टाचण्या धरून बोलणारा, म्हणजे जवळजवळ न बोलणाराच. आपल्यातलाच, भातशेतीवाल्यांच्या घरातला, पण शिलाई शिकून बाजारात बसलेला. त्या काळी बाया माप द्यायच्या नाहीत, जुना ब्लाउज मापाला द्यायच्या. ताईचा उसवलेला ब्लाउज त्याच्याकडे गेला आणि नवे शिवून आले, तर उजवी बाही डावीपेक्षा सैल, आणि आत शिवणीत चांगलं दोन बोटं कापड राखलेलं. काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. ताईने तो ब्लाउज घातला, हात वर केला, खाली केला. उसवलं नाही. मग ती मागच्या दारी जाऊन बराच वेळ सुपारीच्या झाडाला टेकून उभी राहिली. मी विचारलं, "काय गं?" तर म्हणाली, "कायनाय. बाही बसली." पुढे बोर्लीला जायचं कारण निघालं की ती वेणी दोनदा घालायला लागली, आणि मला काय ते कळलं.

ताईला बघायला येत नव्हते असं नाही. येत होते, आणि भाऊ त्यांची गंमत करत होते. पोहे खाऊन झाले की भाऊ म्हणायचे, "आमच्या घरचा जावई व्हायचं तर एक रीत हाय. हँडल मारून दावायचं." बघायला गाव जमायचा. भाऊ आधीच जाऊन ती कांडी पुढे सारून यायचे, आणि येणाऱ्याला अंगठ्याचं कोण सांगणार? एकाचा पंजा असा सुजला की निघताना त्याला नमस्कार करता येईना. एक जण हँडल बघूनच म्हणाला, मला जमणार नाही, तर भाऊंनी आईला हाक मारली, "अगं, पाहुण्यांना बांगड्या भरायच्या हायेत, ताट आण." लोक पोट धरून हसले. गावाला वाटायचं, बापाला पोरीसाठी मर्द हवाय. घरात आम्हाला कळत होतं की बापाला पोरगी द्यायचीच नाहीये. ती गेली तर ट्रॅक्टर कोण सुरू करणार? एकदा आईने धीर करून म्हटलं, "वय निघून चाललंय तिचं." भाऊ म्हणाले, "बैलाचं वय दात बघून ठरवतात. अजून धा वर्सं वढंल ती." ताई तिथेच तांदूळ निवडत होती. तिने एक खडा उचलला, अंगणात टाकला आणि पुढचा वेचायला लागली.

मधुकरचं स्थळ मामाने आणलं. मामा आईचा धाकटा भाऊ, बैलगाडी चालवायचा, भाऊंना घाबरायचा, पण त्या वेळी कुठून बळ आणलं कोण जाणे. त्या दिवशी आईने पोह्यांवर ओलं खोबरं हात सैल सोडून घातलं होतं. ताईने तोच ब्लाउज घातला होता. मधुकर स्वतः शिवलेला पांढरा शर्ट घालून आला आणि ओटीवर अशा बेताने बसला की चुरगळू नये. गाव अंगणाच्या कडेने उभा होता, काही जण तर पेंढ्याच्या उडव्यावर चढून बसले होते. तमाशाला बसावं तसे.

भाऊंनी सुपारी कातरत विचारलं, "काय करता तुमी?"

"शिलाई."

"म्हंजे बायकांच्या चोळ्या?"

"पुरुषांचे शर्ट पण," मधुकर म्हणाला. "तुमचा पण शिवीन. एक खांदा उतरलाय तुमचा, तिथं आतून जरा भर घालीन. दिसायचं न्हाय."

तो हे टोमणा म्हणून बोलला नाही, मी शपथेवर सांगते. शिंप्याचे डोळे, जिथे जातात तिथलंच दिसलं त्याला.  पण भाऊंचा अडकित्ता हातातच थांबला. उभ्या गावासमोर कुणी त्यांच्या खांद्याचं नाव काढलं नव्हतं आजवर. मग ते हसले. त्यांचं ते हसू आम्ही ओळखत होतो. आईने स्वयंपाकघरात माझा दंड घट्ट धरला, इतका की वळ उठला.

"चला शिंपीबुवा," भाऊ म्हणाले, "हँडल मारा."

"मला येत न्हाय," मधुकर म्हणाला. "आणि माझा हात कात्रीचा हाय. मोडला तर खाऊ काय?"

"मग पोरीला खायला काय घालनार? दोरा?" लोक हसले. "का मेंदी काढून देऊ हाताला? सुमे, मेंदी वाट गं!"

भाऊंनी त्याला बखोटीला धरून ओटीवरून उतरवलं, ट्रॅक्टरसमोर नेलं आणि हँडल हातात दिलं. त्याने ते भोकात घातलं. मला भाऊंनी पाण्याचे पेले घेऊन बाहेर बोलावलं होतं, मी मागच्या चाकाच्या पत्र्यापाशी उभी होते. मधुकर वाकला. त्याची मूठ वळलेली होती, अंगठा आत आवळलेला. एखादी ओली चादर पिळायला धरावी तसा.

"सरा," असं कुणीतरी म्हणालं.

ताई बाहेर आली होती. बघायला आलेल्यांसमोर नवरीने पायाच्या अंगठ्याकडे बघत यायचं, चहा ठेवायचा आणि परतायचं. ती पदर कमरेला खोचून चालत आली. मधुकरच्या हातातून हँडल काढून घेतलं आणि म्हणाली, "अंगठा असा धरतात व्हय? तुमी कात्रीच धरा." मग वळसा घालून गेली, स्टिअरिंगखाली हात घालून कांडी मागे ओढली, आणि भाऊंकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "भाऊ, कांडी पुढं ऱ्हायली होती. रोज मागं असते. मीच ठेवते ना."

आजही ते वाक्य माझ्या कानात आहे. रोज. मीच. एवढ्या दोन शब्दांत तिने भाऊंची सगळी वर्षं अंगणात ओतली. पेंढ्यावरून कुणीतरी खुदकन हसलं. पहिल्यांदाच कुणीतरी भाऊंच्या तोंडावर हसलं.

 भाऊ सीटवर चढले. "मार," म्हणाले. "मी नळ बघतो." ताईने पाय रोवले. पहिल्या ओढीला इंजिन नुसतं खोकलं. दुसऱ्या ओढीला धुराचा एक भपका आला. तिने पदर परत खोचला, चार बोटांचा आकडा केला, अंगठा बोटांच्या बाजूला ठेवला, मधुकरकडे एकदा बघितलं आणि हसली. काय सुंदर दिसत होती! तिसऱ्यांदा ओढताना ती खाली वाकली, आणि मी जिथे उभी होते तिथून मला भाऊंचा हात दिसला. नळाकडे नव्हता तो. स्टिअरिंगखाली होता. ताईचा खांदा वर उचलायला लागला त्याच क्षणी त्यांनी कांडी बोटाने पुढे सारली. अगदी हलकेच. पानावरचा किडा ढकलावा तशी.

हँडल उलटं आलं. बोटं सुटली, पण ते फिरून आलं आणि तिच्या मनगटावर बसलं. आवाज झाला तो ओलं लाकूड मोडावं तसा. माझ्या हातातले पेले पडले. ताई ओरडायच्या आधीच भाऊ सीटवरून म्हणाले, "अंगठा चुकला. बायकांची जात, कितीदा सांगितलं तरी अंगठा चुकतोच." आणि खाली उतरून, जमिनीवर बसलेल्या, पांढऱ्याफटक पडलेल्या ताईला ओलांडून ते मधुकरपुढे गेले. "हं, शिंपीबुवा. आता एकाच हाताची हाय. घेता?"

मी ओरडले, "भाऊंनी कांडी..." आणि पुढचं तोंडातच राहिलं, कारण भाऊंचा हात तोंडावर बसला. ओठ फुटला.  गाव बघायला आला होता, बघत राहिला.

मधुकर खाली बसला होता. खिशातून त्याने मापाची टेप काढली. बघायला येताना सुद्धा टेप खिशात, काय म्हणावं! कुंपणाची एक कामटी मोडून ताईच्या हाताखाली लावली आणि टेपने हळूहळू गुंडाळत गेला. गुंडाळून झाल्यावर वर न बघताच म्हणाला, "घेतो. माझे दोन हायेत की."

"आत्ता उंबरठा वलांडला तर परत यायचं न्हाय," भाऊ म्हणाले. "ना सणाला, ना मयताला."

ताईने डावा हात मधुकरच्या खांद्यावर ठेवला आणि उठली. मामाने गाडी जुंपली, तोवर आईने हँडल काढून नेहमीसारखं आत नेलं. श्रीवर्धनच्या दवाखान्यापर्यंत जायचं, आणि गावातलं एकुलतं एक इंजिनाचं वाहन तिथे अंगणात उभं होतं, पण ते सुरू करणारा हात मोडलेला. बैल हळूहळू चालणार, रस्ता खड्ड्यांचा, प्रत्येक खड्ड्याला हाड हाडावर घासणार. आई आतून एक बोचकं घेऊन धावत आली आणि गाडीत टाकलं. मामाने सरकवायला उचललं तर त्याचा हातच खाली गेला. "काय गं आक्का, येवढं जड? काय भरलंस?"

"वाल हायेत," आई म्हणाली. "बिरड्याला व्हतील पोरीला." आणि भाऊंकडे पाठ करून आत गेली.

त्या संध्याकाळी घरात चूल पेटली नाही. भाऊ ओटीवर बसून गावाला सांगत होते, अंगठा कसा चुकला ते, आणि गाव माना डोलवत होता. मला झोप लागली ती रडता रडताच, अंगठा बाहेर ठेवून. पहाटे कुणीतरी दंडाला धरून उठवलं. भाऊ होते. माझा उजवा दंड त्यांनी आपल्या मुठीत धरून बघितला, बाजारात दुधी दाबून बघावा तसा. "बारीक हाय," म्हणाले. "व्हईल जाड. चल."

मी उठले.  न उठण्याची आमच्या घरात सोय नव्हती. अंगणात अंधूक उजाडत होतं. मला ताईचं सगळं आठवत होतं, कांडी मागे, खालून वर, अंगठा बोटांच्या बाजूला, आणि हेही आठवत होतं की कांडीपाशी कोण बसणार आहे. भाऊंनी दारामागे हात घातला. मग दुसरा घातला. मग दार ओढून मागे बघितलं. मग ओटीखाली, पेंढ्यात, विहिरीच्या काठाला. आई चुलीपुढे फुंकणी घेऊन बसली होती. तिची पाठ आमच्याकडे होती आणि खांदे गदगद हलत होते. मला वाटलं, पोरीच्या आठवणीने रडतेय. जवळ गेले तर चुलीत विस्तव नव्हताच. ती हसत होती. तोंडात पदराचा बोळा कोंबून, डोळ्यातून पाणी गळेपर्यंत, माझी आई हसत होती. तिला हसताना मी त्याआधी बघितलंच नव्हतं.

त्याचं मोलही तिनेच दिलं. भाऊंनी तीच फुंकणी घेतली. तेव्हापासून तिला डाव्या कानाने ऐकू येईना. पण हँडल कुठे आहे ते तिने सांगितलं नाही, आणि भाऊंना मधुकरच्या दारात जाऊन मागणं शक्य नव्हतं. गावाला मग सांगावं लागलं असतं की हँडलवाचून त्यांचं अडतं. लोहाराकडून दुसरं करून आणलं, ते आत बसायचं नाही, निसटायचं. गावातली दणकट माणसं बोलावली, त्यांना ते फिरवता येईना. एकाने तर विचारलं, "भाऊ, तुमीच मारा की, रोज मारत व्हतात!" शेवटी बैल जोडून ट्रॅक्टर चिंचेखाली ओढून नेला. पुढच्या पावसात त्याच्या सीटवर कोंबडीने अंडी घातली. भाऊ रोज ओटीवरून ते बघायचे. शेवटच्या आजारपणात त्यांचं अंथरूण त्यांनी सांगून चिंचेकडच्या खिडकीशी घ्यायला लावलं होतं, आणि आईने ते घेतलं. मला तेव्हा वाटायचं, किती सेवा करते ही! आता मला तेवढी खात्री नाही.

ताईचं मनगट वाकडंच बसलं. तिने डाव्या हाताने मशीन फिरवायला शिकून घेतलं. मधुकरभाऊजी कापायचे, ती शिवायची, आणि कापताना कापड सरकू नये म्हणून त्यावर ते हँडल ठेवलेलं असायचं. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय हो? भाऊजी म्हणायचे, "सासुरवाडीचा आहेर." माझं लग्नही त्यांनीच केलं; भाऊंनी अडवलं नाही, माझा त्यांना काही उपयोग उरला नव्हता. गाव मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिला, शेवंतीचा अंगठा चुकला. अजून म्हणतात. गेल्या साली ताई गेली तेव्हा तिला न्हाऊ घालायला मी होते. हळद लावताना तिचा उजवा हात हातात घेतला. मनगट पार वाकलेलं, जुन्या फांदीसारखं. पण अंगठा सरळ होता. त्यावर एक ओरखडा सुद्धा नव्हता. चुकला असता तर तोच आधी मोडला असता. मी तिथल्या बायकांना दाखवला. म्हटलं, बघा. त्यांनी बघितलं, आणि म्हणाल्या, "सुमन, पाणी निवतंय, आटप."

ते हँडल आता माझ्याकडे आहे. परवा मॅनेजर पुन्हा आला. ट्रॅक्टर सुरू करायचा मोठा कार्यक्रम ठेवलाय म्हणाला, बाहेरगावचे हौशी लोक येणार, ज्याला पाहिजे त्याने हँडल मारून बघायचं, आणि मला बोलावून शाल द्यायची. "सापडलं का हो आजी?" मी म्हटलं, नाही बाबा. बोलता बोलता त्याची नजर कोपऱ्यातल्या गाठोड्यावर गेली. जाताना वाटेत येत होतं म्हणून बिचाऱ्याने ते बाजूला ठेवायला उचललं, आणि त्याचा हात खाली गेला.

"बापरे आजी, काय आहे यात?"

"वाल हायेत," मी म्हटलं.